आठव्या मजल्यावरचा वारा

बांधकामाला उशीर का होतो, या विषयावर मी सात वर्षं प्रबंध लिहीत होतो. हे वाक्य कुठेही म्हटलं की समोरचा आधी गंभीर होतो आणि मग त्याच्या ओठांचा कोपरा हलायला लागतो. मी त्याला पोटभर हसू देतो, कारण पुढची माहिती याहून वाईट आहे. ज्या बावीस मजली इमारतीच्या उशिराचा मी अभ्यास करत होतो ती उशिराने का होईना पूर्ण झाली, लोक राहायला आले, तिची गच्ची गळायला लागली, गळती बंद झाली आणि बाहेरून दुसऱ्यांदा रंगही लागला. माझं चौथं प्रकरण तेवढं अर्धवट होतं.

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. त्याआधी दोन वर्षं साईटवर इंजिनियर होतो, पण साईटवर ओरडता यावं लागतं आणि माझा आवाज चढला की चिरकतो. म्हणून शिकवायला लागलो आणि तिथे सगळेच करतात म्हणून पीएच.डी.ला नाव घातलं. तेव्हा मुलीचे दुधाचे दात पडत होते. आता ती माझ्या प्रबंधातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढते. आईने तर नाव घातल्याच्या दिवशीच शेजारीपाजारी सांगून टाकलं की आमचा डॉक्टर होणार, आणि तेव्हापासून खालच्या मजल्यावरच्या काकू गुडघ्याचा एक्स-रे घेऊन दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्या वेळी मी तो उजेडाकडे धरून बघितलासुद्धा.

पण सांगायचंय ते मुकादमांबद्दल. माझ्याबद्दल बोलायला लागलो की मी थांबत नाही, हे मार्गदर्शक मॅडमनी माझ्या पहिल्याच प्रकरणाच्या समासात लिहून ठेवलं आहे.

मुकादमांना साईटवर समोर सगळे मामा म्हणत आणि पाठीमागे ओळंबा. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं पितळी वजन. भिंत सरळ उभी आहे की कललीय, ते त्यावरून कळतं. मामांच्या शर्टाच्या खिशात तो कायम असायचा, त्यामुळे त्यांचे सगळे शर्ट डाव्या बाजूने लोंबलेले. कुठेही गेले की आधी तिथल्या दाराच्या चौकटीला ओळंबा लावून बघणार, मग बसणार. पन्नाशी उलटलेला, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. सोळाव्या वर्षी विटा वाहायला लागले आणि लिहायला शिकले ते तिशीत, कारण मुकादम व्हायचं तर रोजची डायरी लिहावी लागते. अक्षर गोल, एकेक सुटं. नोंदी अशा: 'वारा. क्रेन बंद. माणसं बसून, २३.' पुढे सही, खाली रेघ.

मी पहिल्यांदा साईटवर गेलो ते नव्याकोऱ्या पिवळ्या हेल्मेटमध्ये, किमतीचं स्टिकर तसंच ठेवून. मामांनी विचारलं, "काय करायला आलात?"

"पीएच.डी. करतोय. डॉक्टरेट."

"बरं झालं, डॉक्टर," असं म्हणून त्यांनी एका सुताराला बोलावलं आणि त्याचा ठेचलेला अंगठा माझ्यासमोर धरला. मी गांगरलो. मामा हसले नाहीत, पण त्या दिवसापासून मी सगळ्या साईटचा डॉक्टर झालो. पदवी मिळायच्या सहा वर्षं आधीच मी तिथे खोकल्यावर सल्ले देत होतो.

माझा सगळा अभ्यास मामांच्या डायऱ्यांवर उभा होता. साडेतीन वर्षांच्या डायऱ्या, कंपनीने झेरॉक्स करून दिलेल्या. त्यात एक गोष्ट मला सापडली आणि मी हुरळून गेलो. काम थांबल्याच्या नोंदींमध्ये सगळ्यात जास्त वेळा कारण होतं वारा. सत्तेचाळीस वेळा! उंच इमारतीवर वारा ठराविक वेगाच्या वर गेला की क्रेन थांबवावीच लागते, आणि क्रेन थांबली की खालचं निम्मं काम थांबतं. म्हणजे उशिराचं मुख्य कारण वारा. मी त्यावर गणित बसवलं, आलेख काढले, परिषदेत निबंध वाचला. आठव्या मजल्यावर कामाच्या सुरुवातीलाच लागोपाठ दोन दिवस वाऱ्याने काम बंद पडलं होतं, त्या एका घटनेवर मी अकरा पानं लिहिली. त्या अकरा पानांना उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. आईने ते चौकट करून दिवाणखान्यात लावलं.

एकच बारीकशी अडचण होती. सत्तेचाळीसपैकी नऊ नोंदींमध्ये वाऱ्याचा वेग लिहिला होता. उरलेल्या अडतीसमध्ये वेगाचा रकाना कोरा. मी म्हटलं, राहिलं असेल लिहायचं, अर्धशिक्षित माणूस, चालायचंच. संगणकाला सांगितलं की नऊ आकड्यांवरून अंदाज काढ आणि अडतीस जागा भर. त्याने दोन सेकंदांत भरल्या. मग ही पद्धत किती शास्त्रशुद्ध आहे यावर मी वेगळी चौदा पानं लिहिली.

विद्यापीठाने मला शेवटची मुदतवाढ दिली ती नव्वद दिवसांची. नव्वदाव्या दिवशी प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात. मुदतवाढीच्या फॉर्मवर 'विलंबाचे कारण' असा रकाना असतो. चारही वेळा मी तिथे लिहिलं होतं, 'क्षेत्रीय माहिती संकलनातील अपरिहार्य अडचणी'. खरी कारणं अशी होती: एका वर्षी क्रिकेटचे सामने, एका वर्षी मी स्वतः बाल्कनीला रंग दिला, आणि एकदा पूर्ण दोन महिने फक्त फॉन्ट बदलत बसलो होतो.

नव्वदातला पाचवा दिवस. मॅडमनी बोलावलं. त्या मोजकंच बोलतात आणि बोलताना पेन्सिलीला टोक करतात.

"तुझी कोऱ्या जागा भरायची पद्धत वाचली. छान आहे," त्या म्हणाल्या. "पण जागा कोऱ्या का होत्या?"

"लिहायचं राहिलं असणार, मॅडम."

"कोण म्हणालं?"

कोणीच म्हणालं नव्हतं.

"क्रेनवर वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र असतं ना? त्याची नोंद क्रेनवाल्या कंपनीकडे असेल. मागवून घे आणि ताडून बघ. दोन दिवसांचं काम आहे."

दोन दिवसांचं काम मी सात वर्षांत केलं नव्हतं. कंपनीला मेल पाठवली, चौथ्या दिवशी उत्तर आलं. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. वेग लिहिलेल्या नऊ नोंदी तंतोतंत जुळल्या. बाकीच्या अडतीस दिवशी वारा नव्हता. कमी होता असं नाही, नव्हताच. आठव्या मजल्याच्या त्या ऐतिहासिक दोन दिवशी वेग होता ताशी सहा किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात दोरीवरचे कपडे वाळायलासुद्धा दिवस लागतो.

खरं सांगतो, पहिला विचार सत्याचा वगैरे आला नाही. ही मेल आलीच नाही असं म्हणता येईल का, हा विचार आला. दुसरा विचार आला तो ओळंब्याला शिव्या घालण्याचा, आणि तो मी मोठ्याने अमलात आणला. सरळ म्हणून मिरवतो आणि अडतीस वेळा खोटं लिहितो! माझी सात वर्षं खाल्ली त्या माणसाने!

बायको हॉस्पिटलच्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. आयुष्य डॉक्टरांची अक्षरं लावण्यात गेल्यामुळे तिला कशाचंच फार आश्चर्य वाटत नाही. चहाचा कप ठेवत ती म्हणाली, "मग विचार ना त्यांना."

"कुणाला?"

"ज्यांनी लिहिलंय त्यांना. आम्हाला चिठ्ठी कळली नाही तर आम्ही डॉक्टरला फोन करतो. संगणकाला नाही विचारत."

मी दोनशे बारा लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. मामांनाही दिली होती. एक ते पाचमधला एक आकडा निवडायचा, असे साठ प्रश्न, आणि मामांनी साठही ठिकाणी तीन लिहिलं होतं. ते मी संगणकात भरलं होतं. पण समोर बसून, का हो मामा, असं कधी विचारलं नव्हतं. बायकोपुढे हे कबूल करण्याऐवजी मी रुसून बसलो आणि नव्वदातले आणखी आठ दिवस त्या रुसव्यात घालवले.

मामा रिटायर होऊन मुलीकडे राहत होते. दुसरा मजला, दोन खोल्या, खिडकीत जुन्या डब्यांत लावलेली रोपं, सगळी एका ओळीत. मी रागाने तयारी करूनच गेलो होतो. त्यांनी दार उघडलं. "या डॉक्टर, झालं का?" एवढं विचारलं आणि माझी सगळी तयारी ओसरली. मी याद्या पुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा लावून दोन्हींवरून बोट फिरवलं, ते शेवटपर्यंत.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "अडतीस."

"मामा, खोटं लिहिलंत तुम्ही!"

"लिहिलं."

एवढंच. ना लाज, ना सारवासारव. मीच ओशाळलो. मग त्यांनी सांगितलं ते असं. करारात एक कलम होतं. हवामानाने थांबलेले दिवस माफ. दुसऱ्या कुठल्याही कारणाने काम थांबलं की वरून फोन येणार आणि पहिला प्रश्न असणार, कुणामुळे? नाव सांगितलं की तो माणूस दुसऱ्या दिवशी घरी. "वाऱ्याला कोण घरी पाठवणार?" मामा म्हणाले.

"आणि वेगाचा रकाना कोरा का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वर्गातल्या ढ मुलाकडे मी बघतो तसं. "वारा असला की क्रेनवाला वरून आकडा सांगायचा, तो मी लिहायचो. नसला तर आकडा कुठून आणू? शब्द टाकला माणसांसाठी. आकडा खोटा कसा टाकायचा, डॉक्टर? त्यावर पुढे कुणी काही बांधायला घेतलं तर?"

त्यांनी अडतीस जागा कोऱ्या सोडल्या होत्या. मी त्या अडतीस भरल्या होत्या, दोन दशांश स्थळांपर्यंत. खोटे आकडे सगळेच्या सगळे माझे होते, आणि शिव्या मी त्यांना घालून आलो होतो. मला तिथे खरोखर रडू आलं. मामांनी ते न बघितल्यासारखं करून पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

मॅडमना सांगायला गेलो तेव्हा वाटलं, आता पेन्सिल फेकून मारणार. त्यांनी सगळं ऐकलं, टोक करणं थांबवलं आणि म्हणाल्या, "सात वर्षांत पहिल्यांदा तुझ्याकडे काहीतरी आहे. सत्तर दिवस उरलेत. चौथं प्रकरण नव्याने लिही. नाही जमलं तर नोंदणी जाईल, मी वाचवू शकणार नाही."

मग मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी मी आणि मामा डायऱ्या घेऊन बसायला लागलो. मी तारीख वाचायची, मामांनी डोळे मिटायचे. या माणसाला सगळं आठवत होतं. एका वाऱ्याच्या दिवशी क्रेनवाल्याची बायको बाळंतपणात अडली होती आणि तो रात्रभर जागून तसाच कामावर आला होता. मामांनी त्याला वर चढूच दिलं नाही. एका दिवशी नवीन इंजिनियरने जुन्या नकाशावरून सळया बांधून घेतल्या होत्या. सगळ्या सोडून परत बांधल्या. पोराला नोकरी लागून तीन आठवडे झाले होते. एका दिवशी एका वेल्डरला आई गेल्याची बातमी आली आणि त्याला बसमध्ये बसवून द्यायला अख्खी टोळी स्टँडवर गेली. एका दिवसापाशी मामा जरा अडखळले.

"तो माझा आहे. चष्मा घरी विसरलो होतो. ओळंब्याची दोरी दिसत नव्हती. कुणाला सांगणार?"

तीन तारखा त्यांना आठवेनात. मी म्हटलं, "अंदाजे सांगा ना."

"नाही आठवत म्हणजे नाही आठवत."

त्या तीन जागा मी कोऱ्या सोडल्या. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात प्रामाणिक संशोधन.

"मामा, हे छापलं तर तुम्हाला त्रास होईल," मी एकदा म्हटलं.

"मी सुटलो आता. बाकीचे अजून कामावर आहेत. नावं घालू नका कुणाची."

शेवटच्या रविवारी दोनच नोंदी उरल्या होत्या. आठव्या मजल्याच्या. माझी अकरा पानं, माझं प्रमाणपत्र. मामा त्या मुद्दाम मागे ठेवत होते, हे मला कळलं नव्हतं. मी तारखा वाचल्या. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"राहू द्या ना ते दोन," ते म्हणाले. "कोरे सोडा."

"तुम्हाला आठवतंय, मामा."

"आठवतंय." मग म्हणाले, "तुम्ही स्लॅब धुवून घेतला होता."

माझा पहिला दिवस! नवीन हेल्मेट, हातात स्टॉपवॉच. फोटो चांगला यावा म्हणून मी झाडणाऱ्या दोन बायकांना सांगून आठव्या मजल्याचा स्लॅब पाण्याने धुवून घेतला होता आणि त्यावर खडूने माझे चौकोन आखले होते. त्या स्लॅबवर आदल्या संध्याकाळी सर्वेअरने खांब आणि भिंती कुठे येणार त्याच्या सगळ्या रेघा मारून ठेवल्या होत्या. मार्किंग. ते नसेल तर एक फळीसुद्धा उभी करता येत नाही. मी ते अख्खं नालीत घालवलं होतं. सर्वेअर दुसऱ्या साईटवर गेलेला, तो येऊन पुन्हा मार्किंग होईपर्यंत सगळे बसून. कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. आणि मी, माझ्या वहीत अजून आहे ते, त्याच बसलेल्या माणसांसमोर उभं राहून लिहिलं होतं: 'कामगार निष्क्रिय, २३. पर्यवेक्षणाचा अभाव?'

"मला सांगितलं का नाही?"

"पहिलाच दिवस होता तुमचा. शिकायला आला होतात. नाव वर कळवलं असतं तर परत पाऊल टाकू दिलं नसतं तुम्हाला."

म्हणजे माझी पीएच.डी. पहिल्याच दिवशी संपणार होती. ती ज्याने वाचवली त्यालाच मी वहीत पर्यवेक्षणाचा अभाव म्हटलं होतं. आणि अकरा पानं ज्या वाऱ्यावर लिहिली, तो वारा मीच होतो. घरी येऊन मी प्रमाणपत्र भिंतीवरून काढलं. आईने विचारलं, का रे? मी म्हटलं, खिळा सैल झालाय.

नव्वदाव्या दिवशी पाच वाजता विद्यापीठाची खिडकी बंद होते, मी चार चाळीसला प्रबंध दिला. चौथ्या प्रकरणात आता एकच तक्ता होता: तारीख, थांबलेला वेळ, डायरीतलं कारण, खरं कारण. अडतीस नोंदी, एका थांब्याला एक ओळ. आठव्या मजल्याच्या दोन नोंदी एका ओळीत, सगळ्यात वर.

तोंडी परीक्षेला मी मामांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले, खिसा डावीकडे लोंबलेला. बसण्याआधी हॉलच्या चौकटीकडे त्यांनी एक डोळा बारीक करून बघितलं, आणि सवयीने खिशाकडे गेलेला हात कसाबसा खाली घेतला. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. तासभर त्यांनी मला सोललं. मग तक्ता उघडून चष्मा वर सरकवला.

"ही पहिली ओळ. खरं कारण, 'संशोधक'. टायपिंगची चूक दिसते. सर्वेअर म्हणायचंय का?"

"नाही सर. संशोधकच."

"कोण संशोधक?"

"मी."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मी स्लॅबची गोष्ट सांगितली. सांगताना आवाज चिरकला, पण सांगितली. मॅडम खाली बघत होत्या, त्यांचे खांदे हलत होते. परीक्षकांनी पेन उघडलं.

"आणि तुमच्यामुळे काम थांबलं किती?"

"दीड दिवस, सर. तक्त्यात आहे."

"दोन," मागून आवाज आला.

सगळे वळले. मामा उभे राहिले होते. "दोन दिवस, साहेब. डायरीत दोन नोंदी आहेत. मी लिहिल्या आहेत."

खरं होतं ते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर थोडंफार काम सुरू झालं असेल, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. विचारलं नव्हतं कुणालाच. बाकीच्या छत्तीस ओळी मी जशाच्या तशा उतरवल्या होत्या आणि माझ्या ओळीत अर्धा दिवस स्वतःला माफ केला होता.

परीक्षकांनी परिशिष्टातली डायरीची पानं काढली, दोन्ही नोंदींवर बोट ठेवलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दोनच, सर."

त्यांच्या अहवालात शेवटी लिहिलं होतं: पदवी देण्यास हरकत नाही. दुरुस्ती एक. चौथं प्रकरण, पहिली ओळ, दीडच्या जागी दोन. मुदत एक महिना.

मी ती त्याच दुपारी केली. मामा शेजारच्या खुर्चीवर बसून होते आणि मी आकडा बदलून फाईल बंद करेपर्यंत त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.